किल्ली मयताच्या खिशात

१

मेन स्विचला लाल कुलूप होतं. कुलपाला एकच किल्ली होती आणि ती मेलेल्या माणसाच्या खिशात सापडली होती. तरीही तो माणूस शॉक लागूनच मेला होता.

निरीक्षकबाई त्या बंद स्विचसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. विजेनं माणूस मेला की चौकशीला जायचं, ही त्यांची नोकरी. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'कुसळबाई' म्हणत, कारण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचंही.

आज मात्र सकाळपासून त्यांचं तोंड कडू झालं होतं. निघतानाच साहेबांनी केबिनमधून सांगितलं होतं, "दोन ओळींचं काम आहे. मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा. संध्याकाळी सहीला आणा." अजून पंचनामाही वाचला नव्हता आणि निकाल तयार होता.

जागा एका वर्कशॉपची होती. खाली काम, मागच्या खोलीत पॅनेल, वर मालकाची केबिन. मालकाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स हवं होतं आणि ते मिळायच्या आधीच त्याच्या तोऱ्याला लायसन्स मिळालं होतं. गल्लीत सगळे त्याला 'भावी' म्हणत. काल सकाळी बाईंचे हेच साहेब लायसन्सच्या तपासणीला यायचे होते. म्हणून भावीनं जुन्या वायरमनला पॅनेल साफसूफ करायला लावलं, आणि तिथेच तो गेला.

"चालू लाइनवर हात घातला, दुसरं काय," भावी म्हणाला. "वय झालं होतं त्याचं. त्यात घेतही असेल थोडी."

"घेत होता?"

"म्हणजे मी पाहिलं नाही. पण वायरमन लोक म्हटल्यावर..."

"स्विचचा दांडा खाली पाडल्याशिवाय हे कुलूप आत जात नाही," बाई म्हणाल्या. "लाइन चालू होती तर कुलूप लागलं कसं?"

"नंतर लावलं असेल."

"कधी? मेल्यावर?"

भावीनं रुमालानं मान पुसली. बाईंनी मग पॅनेलचं झाकण उघडलं. आत तांब्याच्या तीन पट्ट्या उभ्या होत्या, लाल, पिवळा आणि निळा रंग दिलेल्या. तीन फेजच्या तीन. एका पट्टीवर हरभऱ्याएवढा काळा डाग होता. तिथे मयताचं बोट टेकलं होतं.

"माझ्या बाबांची चूक झाली असं लिहिणार आहात ना?"

दारात एक तरुण बाई उभी होती. तिच्या शर्टाच्या खिशात टेस्टर होता आणि डोळे सुजलेले होते. मयताची मुलगी, तीही वायरमनचं काम करणारी. काल दुसऱ्या साइटवर होती.

"अजून काहीच लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

"सगळे तेच बोलतायत. स्मशानात एक जण मला म्हणाला, सावधराव शेवटी बेसावध झाले. त्यांना सावधराव म्हणायचे लोक, चिडवायला. कुलूप लावून किल्ली खिशात टाकल्याशिवाय ते पट्टीच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाहीत. आधी टेस्टर चालू लाइनवर लावून बघायचे, मग इथे, मग परत तिथे. तीन-तीनदा. मी लहानपणी कंटाळून रडायचे." तिनं खिशातला टेस्टर चाचपला. "आई कालपासून काही बोललेली नाही. तुम्ही जे लिहाल ते तिला आयुष्यभर ऐकावं लागणार आहे."

बाईंनी काळ्या डागाकडे पुन्हा पाहिलं. पट्टी पिवळी होती.

२

"पिवळ्या फेजवर काय काय आहे इथे?" बाईंनी मुलीलाच विचारलं.

"फक्त वरची केबिन. खालचं सगळं लाल-निळ्यावर. बाबांनीच वाटून दिलं होतं."

लाइन बाहेरून आली असती तर तिन्ही पट्ट्यांवर आली असती. पण बाहेरच्या रस्त्याला तर कुलूप होतं. याचा अर्थ वीज पुढच्या दारानं आलीच नव्हती, ती मागच्या दारानं आली होती. आणि मागचं दार वर केबिनमध्ये होतं.

पोलिसांनी पाकिटात घालून दिलेली किल्ली बाईंनी काढली, पॅनेलचं झाकण नीट बसवलं, कुलूप उघडलं आणि दांडा वर केला. मग त्या जिना चढून गेल्या.

केबिनमध्ये नव्या रंगाचा वास होता. एसी नव्हता, छताला पंखा होता, मागे दुसऱ्या जिन्याचं दार होतं, आणि भिंतीवर सोनेरी चौकटीत कुणाचं तरी सुपरवायझरचं सर्टिफिकेट टांगलं होतं. ठेकेदाराला लायसन्स मिळायचं तर असा एक सर्टिफिकेटवाला पूर्ण वेळ नोकरीला असावा लागतो.

"हे कोण?"

"आमचे काका. आमच्याकडेच असतात कामाला, रोज," भावी म्हणाला. "काल मात्र आले नव्हते. तब्येत."

"आणि साहेब?"

"साहेब फाटकापर्यंत आले, हे असं झालंय म्हटल्यावर तिथूनच परत गेले. तपासणी झालीच नाही."

साहेबांनीही बाईंना हेच सांगितलं होतं. बाई खिडकीपाशी गेल्या. खाली वर्कशॉपच्या नव्या पाटीवर लिहिलं होतं, 'लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर'. पाटीच्या कडेला वर्तमानपत्राच्या चिंध्या चिकटल्या होत्या.

"पाटीवर कागद चिकटवला होता का?"

"हो, लायसन्स येईपर्यंत."

"मग काढला कधी?"

भावीच्या तोंडून निसटलंच. "आज सकाळी. लायसन्स काल संध्याकाळी आलं ना."

म्हणजे तिकडे मयताच्या घरात प्रेत होतं तेव्हा इकडे सही झाली होती. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण काही माणसांना ते गरम असतानाच लागतं. खोली तापली होती. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

पंखा फिरू लागला. टेबलावरचे कागद हलले. बाईंनी सहज भिंतीवरच्या छोट्या बोर्डाकडे पाहिलं. केबिनपुरते चार खटके होते, प्रत्येकाखाली छापील लेबल चिकटवलेलं. मेन, दिवे, पंखा, गिझर.

'मेन' लेबल लावलेला खटका खाली पडलेला होता.

मेन पडलेला होता, आणि पंखा गरगर फिरत होता.

३

बाईंनी एकेक खटका पाडून पाहिला. डावीकडच्या 'मेन'चा पंख्याशी की दिव्यांशी काही संबंध नव्हता. तो वर केल्यावर शेजारच्या मोरीतल्या गिझरचा तांबडा दिवा लागला. उजवीकडचा शेवटचा, 'गिझर' लिहिलेला, पाडला तेव्हा पंखा, दिवे, सगळं बंद झालं. खरा मेन तो होता.

"लेबलं कुणी लावली?"

"मीच," भावी म्हणाला, आणि त्याला त्यातही थोडा अभिमान वाटला. "परवा. प्रत्येक खटक्याला लेबल पाहिजे, नाहीतर साहेब नापास करतात. छापून आणली. मेन सगळ्यात पुढे बरा दिसतो."

"बरा दिसतो," बाई म्हणाल्या. "कुठला खटका कशाचा, ते बघितलं नाही?"

"बघणार कोण? साहेब लेबल आहे का ते बघतात. बरोबर आहे का ते कोण बघतंय?"

या माणसाला कालपासून लोकांच्या घरात वायरिंग करायचा अधिकार मिळाला होता. बाईंना त्याच्याकडे बघवेना. त्या खाली उतरल्या, मागोमाग भावी आणि ती मुलगीही.

मागच्या गल्लीत एक छोटा पेट्रोल जनरेटर ठेवला होता. तो भावीच्या मेहुण्याचा. जनरेटर भाड्यानं देणं हाच त्याचा धंदा. "काल चालू नव्हता," मेहुणा आधी म्हणाला. समोरच्या टपरीत बसलेला शिंपी हसला.

"चालू नव्हता? माझं डोकं उठलं होतं. याचा चोक बिघडलाय, हातानं धरून ठेवावा लागतो, सोडला की बंद. हा इथे उकिडवा बसून धरून होता. मग वरून कुणीतरी 'बंद कर, बंद कर' ओरडलं."

"कोण ओरडलं?"

"आवाज ओळखीचा नव्हता. पण हा इथेच होता, एवढं खरं. हललासुद्धा नाही."

चहावाल्यानंही भर घातली. वर दोन चहा सांगितले होते. भावी जिन्यात आडवाच आला आणि ट्रे तिथूनच घेतला. "मला आत डोकावू दिलं नाही. पण पंखा चालू होता, आवाज येत होता. लाइट तर बंद होती सगळ्या वर्कशॉपची."

मेहुण्याचा चेहरा उतरला. बाईंनी त्याला फार वेळ दिला नाही.

"वायर कुठे आहे?"

वायर पोत्याखाली निघाली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. मुलीनं ती पाहिली आणि भिंतीला हात टेकला. एक पीन जनरेटरमध्ये, दुसरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की जनरेटरची वीज उलटी सगळ्या वायरिंगमध्ये भरते. छताचा पंखा फिरतो. आणि मधला खटका पाडलेला नसेल, तर तीच वीज जिना उतरून पॅनेलच्या पट्टीवरही येते. तिथे एक माणूस पुढच्या दाराला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून, निर्धास्त उभा असतो.

"मी फक्त खिडकीतून टोक वर दिलं," मेहुणा म्हणाला. "वरच्यांनी लावलं. दाजींना विचारा."

"दाजींना मी एकच गोष्ट विचारणार आहे," बाई म्हणाल्या आणि भावीकडे वळल्या. "समजा मेन लाइन बंद आहे. तुमच्या हातात ही वायर दिली. तुम्ही पहिल्यांदा काय कराल?"

भावीला प्रश्नात काही अवघड दिसलं नाही. "सॉकेटमध्ये लावीन. नाहीतर आणखी काय?"

"काल वर तुमच्याबरोबर कोण होतं?"

"काका," भावी पटकन म्हणाला. "काकाच होते. मघाशी चुकून नाही म्हणालो. त्यांनीच लावली."

४

काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. बाईंनी ओळख सांगितली तसा तिचा सूरच बदलला.

"तपासणीचेच ना तुम्ही? दरवर्षी येतात ते साहेब कुठे आहेत? ते दारातूनच 'आहेत ना?' विचारतात आणि जातात."

आत कॉटवर काका होते. उजवी बाजू पूर्ण गेलेली. तोंडातून लाळ गळत होती, ती सून मधूनमधून पुसत होती. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागत.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून असेच बघतेय."

"आणि कामाला कुठे आहेत ते?"

सून खाली बघत म्हणाली, "पाच ठिकाणी."

मुलगी बाईंच्या मागे उभी होती. तिला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडणं झालं. काका डाव्या हातानं काहीतरी खुणावत होते. त्यांना पाणी हवं होतं. सुनेनं चमच्यानं दोन थेंब पाजले आणि म्हणाली, "ते हुशार होते हो कामाला. हे असं नाव विकायचं काम आमचं आहे, त्यांचं नाही."

रस्त्यावर आल्यावर बाई थांबल्या. त्या गटारापाशी थुंकल्या. भररस्त्यात असं काही त्यांनी आजवर केलं नव्हतं.

"मॅडम, काका तर नव्हते," मुलगी म्हणाली. "मेहुणा चोक धरून बसला होता. म्हणजे भावीच."

"भावीला आधी मेन पाडायचा असतो हेच ठाऊक नाही. पण कुणीतरी 'मेन' पाडला होता. लेबल बघून, मुद्दाम. ज्यानं पाडला त्याला वीज उलटी जाते हे पक्कं माहीत होतं. म्हणजे तो जाणकार."

"मग जाणकार तर बाबाच होते."

"ते खाली होते. आणि त्यांना कुठला खटका कशाचा हे पाठ होतं, ते त्या लेबलाला भुलले नसते. लावणारा जाणकार होता, पण त्या जागेला नवखा. टेस्टर काढून खात्री करायची सवय सुटलेला. छापील लेबलावर ज्याचा पूर्ण विश्वास. आणि असा मोठा माणूस, की त्याला उकडतंय म्हणून खाली पॅनेलवर माणूस असतानाही जनरेटर लावून पंखा फिरवायला लोक तयार." बाई मुलीकडे वळल्या. "कुंपणानंच शेत खाल्लंय, पोरी. चल माझ्याबरोबर. मात्र मी बोलावेपर्यंत बाहेर बाकावर बसायचं."

५

साहेब घरी निघायच्या तयारीत होते. त्यांनी पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं.

"झालं? द्या इकडे. निष्काळजीपणा ना?"

"निष्काळजीपणाच, साहेब. पण दुसऱ्याचा. कुणीतरी केबिनच्या सॉकेटमध्ये जनरेटर जोडला."

साहेबांचं पेन थांबलं. मग ते हळूच म्हणाले, "तो भावी गाढव आहे. असेल त्यानंच जोडला. लिहा तसं."

"तेच लिहिलंय. वाचू?" बाईंनी कागद हातात धरला आणि शाळेतल्या मुलीसारख्या सपाट आवाजात वाचायला लागल्या. "सदर वायर जोडणारा इसम पूर्णपणे अडाणी असून, त्यास विजेचे प्राथमिक ज्ञानही नाही. जोडणीपूर्वी मेन बंद करावा, इतकी साधी गोष्टही त्याला सुचली नाही."

"हे वाक्य काढा."

"का, साहेब?"

"उगाच भडक आहे. अडाणी वगैरे."

"अडाणी नाही तर काय? सुपरवायझरच्या तोंडी परीक्षेत आपण पहिला प्रश्न हाच विचारता. ज्याला उत्तर येत नाही त्याला हाकलून देता. सावधराव तीनदा बसले होते म्हणे आपल्यासमोर. त्यांना येत होतं उत्तर, त्यांचे शाळेचे कागद कमी पडले. आणि हा कोण शुंभ, ज्याला मेन पाडायचीही अक्कल..."

"मेन पाडला होता," साहेब म्हणाले.

वीस वर्षं लोकांना नापास करणाऱ्या माणसाला कुणी नापास म्हटलं, ते त्याच्या जिभेला सोसलं नव्हतं. बोलून गेल्यावर त्यांना काय झालं ते कळलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"आपण तर फाटकातून परत गेला होता," बाई म्हणाल्या. "आणि पडलेल्या खटक्याचं मी ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नाही."

"भावीनं सांगितलं मला. फोनवर."

"भावीला अजूनही कळलेलं नाही की तो पडलेला असण्यात काही विशेष आहे."

साहेब खुर्चीत मागे टेकले. बोलले तेव्हा आवाजात भीती नव्हती, तक्रार होती. बाईंना त्याचीच सर्वात जास्त किळस आली.

"अहो, भट्टी झाली होती त्या खोलीची. तपासणी करायची तरी कशी? मी रीतसर मेन पाडला. लेबल वाचून पाडला. लेबल चुकीचं असेल तर तो माझा दोष आहे का?"

"तो गिझरचा होता, साहेब. आणि लेबलं आपल्यासाठीच लावली होती. ती फक्त असली की आपल्याला चालतात, हे त्या माणसाला ठाऊक होतं. पुढचं मी सांगते. खालून आवाज आला. आपण वायर उपटली, जनरेटर बंद करायला ओरडलात, आणि मागच्या जिन्यानं निघून गेलात. संध्याकाळी लायसन्सवर सही केलीत, म्हणजे भावीचं तोंड बंद. सकाळी मला पाठवलंत, म्हणजे मयताचंही तोंड बंद."

"कुसळबाई," साहेब पहिल्यांदाच तोंडावर म्हणाले, "या ऑफिसातून एकही अहवाल माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. विसरलात?"

"दुपारीच गेला. मुख्य निरीक्षकांकडे, माझ्या हातानं. वायर, खटके, काकांची कॉट, सगळ्याचे फोटो लावून. त्यात तुमचं नाव संशय म्हणून होतं. आता नक्की म्हणून कळवीन. हे अडाणी इसमाचं वाक्य त्यात नाहीच, ते फक्त तुमच्यासाठी लिहून आणलं होतं." बाईंनी दार उघडलं. "ये गं आत."

मुलगी आत आली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. वीस वर्षांची सवय म्हणून हात समोरच्या खुर्चीकडे गेला. "बसा," ते म्हणाले.

ती बसली नाही.

"बाबांच्या हातून चूक झाली नाही, एवढं कळलं," ती म्हणाली. "आईला सांगते. पण मला एक विचारायचंय. पॅनेलवर माणूस आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं, जणू याचं उत्तर त्यांनी द्यायचं होतं.

"भावी म्हणाला होता, खाली कुणीतरी साफसफाई करतंय," ते शेवटी म्हणाले. "मी मेन पाडला होता ना. मग विचारायची गरज..."

"जिन्यातून एक हाक मारायची होती," ती म्हणाली. "हात काढ रे, एवढंच. ते लगेच बाजूला झाले असते. त्यांनी कधी कुणाला का म्हणून विचारलं नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला. ते बसेना. दोघी दाराच्या वाटेवरच उभ्या होत्या, आणि बाहेर जायला दुसरा जिना नव्हता.